अक्कांनी मागे घेतलेला अहवाल

आई-वडिलांखेरीज मी कोणामुळे उभा राहिलो असं कुणी विचारलं, तर मी एकच नाव सांगतो : कुमुद अत्तरदे. हे नाव जळगावात फारसं कुणाला माहीत नाही. धुळ्यात तर नाहीच. पण गेल्या वीसेक वर्षांत या दोन जिल्ह्यांत ज्या बायांनी छातीची तपासणी करून घेतली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या अंगावर मशीनमधून किती एक्स-रे पडतो हे या बाईंनी मोजलेलं आहे. त्या बायांना ते ठाऊक नाही, आणि ठाऊक व्हावं असं बाईंना कधी वाटलंही नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढणारं मशीन. ज्या रुग्णालयात ते असतं, त्याला ते ठरलेल्या मुदतीनं तपासून घ्यावं लागतं. किरण कमी पडले तर बारीक गाठ फोटोत दिसत नाही. जास्त पडले तर विनाकारण अंगात जातात. म्हणून बाईच्या जागी अ‍ॅक्रिलिकचा एक ठोकळा ठेवायचा, त्याच्याजवळ चेंबर ठेवायचं, बटण दाबायचं आणि आकडा लिहायचा. चेंबर म्हणजे हवेनं भरलेली एक चपटी डबी, राजगिऱ्याच्या वडीएवढी. किरण आतल्या हवेवर पडले की थोडी वीज तयार होते आणि मीटर ती मोजतो. शेवटी अहवाल तयार होतो, त्यावर सही होते, आणि त्या सहीवर रुग्णालयाचा परवाना पुढे चालतो. आमच्या जळगावच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात ती सही अत्तरदे मॅडमची असे. बाहेर त्या मॅडम होत्या. गाडीत आणि कार्यालयात सगळ्यांच्या अक्का.

मी बोदवड तालुक्यातल्या एका खेड्यातला. वडील जिनिंगमध्ये हमाली करत. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. एम.एस्सी. आणि नंतरचा किरणांच्या मोजणीचा अभ्यासक्रम करून मी मुलाखतीला गेलो, तेव्हा उसना घेतलेला शर्ट खांद्यात घट्ट होत होता. समोर पन्नाशी ओलांडलेल्या बाई बसल्या होत्या. पदर पिननं पक्का लावलेला आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. त्यांनी प्रश्न काहीच विचारला नाही. स्टीलची पट्टी पुढे सरकवली.

"हे टेबल मोजा. तीनदा मोजा आणि लिहा."

मी मोजलं, लिहिलं. तीन वेळा एकशे बावीस पूर्णांक चार. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"एकदा मोजून तीनदा लिहिलं ना भो?"

मला घाम फुटला. खरं तेच होतं. दुसऱ्यांदा पट्टी ठेवली होती, पण आकडा पाहण्याआधीच तो मला माहीत होता.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "निदान लाज वाटते. सोमवारपासून ये."

अक्का भुसावळकडच्या. घरातली बोली त्यांनी कधी सोडली नाही, पण तिचा उपयोग उलटा होता. मनात माया असली की बोलीत बोलायच्या. रागावल्या की अगदी शुद्ध, पुस्तकी मराठी सुरू व्हायचं. "काय करू राह्यला रे?" असं विचारलं की काळजी नसे. "आपण नेमकं काय करत आहात?" असं आलं की रुग्णालयाच्या अधीक्षकांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे खुर्चीत सावरून बसत. आमचे ड्रायव्हर सलीमभाई म्हणत, "अक्का शुद्ध बोलने लगे, तो समझो कुछ अशुद्ध हो गया."

त्यांच्या मोजणीचा पहिला नियम म्हणजे वाट पाहणं. चेंबरची पेटी घेऊन आम्ही रुग्णालयात पोहोचलो की पेटी मशीनच्या खोलीत उघडून ठेवायची आणि तासभर तिला हात लावायचा नाही. अक्का म्हणत, "पाहुणा उन्हातनं आला आहे. आधी बसू दे त्याला." यामागचं कारण मला पुस्तकातून माहीत होतं, पण समजलं त्यांच्यामुळे. एकदा वाटेत कापसानं भरलेला ट्रॅक्टर चालला होता. त्या म्हणाल्या, "त्या ट्रॉलीत कापूस नुसता टाकला, तर वजन किती भरेल? आणि पायानं दाबून भरला तर? ट्रॉली तेवढीच. हवेचंही तसंच आहे. गरम हवा भुसभुशीत असते. चेंबर तेवढंच, पण आत हवा कमी. मग किरण तेवढेच पडूनही मीटर कमी दाखवतो." खानदेशात मे महिन्यात गाडीच्या मागच्या बाजूला ठेवलेली पेटी आणि रुग्णालयातली एसी लावलेली खोली यांच्यात वीस-वीस अंशांचा फरक असतो. खोलीचं तापमान धरून आपण आकडा दुरुस्त करतो. पण चेंबर अजून रस्त्यावरच्या उन्हातच असलं, तर ती दुरुस्तीच चुकते. म्हणून पेटी नेहमी अक्कांच्या पायाशी, गाडीच्या सावलीच्या बाजूला असे. आणि वर तो तास.

त्या तासात त्या कधी नुसत्या बसल्या नाहीत. एक्स-रे विभागभर फिरायच्या आणि शिशाचे एप्रन कसे ठेवले आहेत ते पाहायच्या. घडी घालून ठेवलेला एप्रन दिसला की तो उचलून खुंटीला टांगायच्या. "चादर आहे का ही? घडीवर शिसं तडकतं. मग तुम्ही काय घालता? नुसतं ओझं." मग बाहेर बाकावर बसून कळण्याची भाकर, ठेचा आणि एक अख्खा कांदा. सलीमभाई बाहेरून डोकावायचे.

"अक्का, डिब्बा थंड झाला का? मैं तो पूरा पिघल गया."

"तुला कोणी मोजत नाही सलीम. तू पिघळ."

लोकांना वाटे, या बाईनं हेच काम का धरलं असेल? घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल. मीही एकदा धीर करून विचारलं. त्या हसल्या. "तसलं काही नही रे. तेव्हा आमच्यात सगळे पुरुष इंजिनिअर. त्या खोलीत जायचं म्हटलं की एकेकाची मान खाली. म्हणून ते मशीन माझ्या गळ्यात पडलं. मग मला ते आवडलं. फार नाजूक मशीन आहे. छातीच्या एक्स-रेसारखं धसमुसळं नही."

मीही त्या मान खाली घालणाऱ्यांतलाच होतो. पहिले काही दिवस दारातच घोटाळायचो. अक्कांनी एक पद्धत लावून दिली. दाराबाहेरून तीनदा आवाज द्यायचा, आतल्या टेक्निशियन बाईनं "या" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि आत गेल्यावर लाजायचं नाही. "बाहेर लाजायचं तेवढं लाजून घे. आत गेल्यावर ते विजेचं यंत्र आहे."

आता मेच्या त्या दिवसाचं सांगतो.

अक्का भाचीच्या लग्नासाठी वरणगावला गेल्या होत्या. मी लागल्यापासून त्यांनी घेतलेली ती पहिलीच दोन दिवसांची रजा. धुळ्याच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाची मुदत संपत आली होती, म्हणून मी एकटा गेलो. सलीमभाई गाडी चालवत होते. पुढच्या सीटवर मी बसलो आणि पाय पसरता यावेत म्हणून पेटी मागे डिकीत ठेवली. एवढंच. पारोळ्याच्या पुढे सलीमभाई म्हणालेही, "भाई, डिब्बा पीछे रखा क्या?" मी म्हटलं, "काही होत नाही."

साडेअकराला पोहोचलो. व्हरांड्यात तीसेक बाया खाली बसल्या होत्या. साक्रीकडच्या गावांतून शिबिराच्या जीपनं आलेल्या. पहाटे निघालेल्या. काहींच्या मांडीवर लेकरं. टेक्निशियन सुनंदाताई दारात उभ्याच होत्या.

"सर, यांची जीप दोनला परत आहे. तुम्ही तासभर मशीन अडकवलं तर निम्म्या तशाच जातील. आणि एकदा गेली ना, ती बाई परत येत नाही."

मी त्या बायांकडे पाहिलं. माझी आई तशीच बसते, गुडघे पोटाशी घेऊन. मी पेटी उघडली, ठोकळा लावला, आणि दहाच मिनिटांत मोजायला सुरुवात केली. भिंतीवरचा थर्मामीटर चोवीस दाखवत होता. ते लिहिलं. पाच वेळा बटण दाबलं, पाच आकडे लिहिले, सरासरी काढली. स्तनाला मिळणारी मात्रा दोन पूर्णांक एकोणनव्वद आली. मर्यादा तीनची. बसत होतं. बाराच्या आत मी खोली मोकळी करून दिली. सुनंदाताईंनी स्वतः चहा आणून दिला. परतीच्या वाटेवर मला फार बरं वाटत होतं.

अक्का आल्या, सरासरी पाहिली, सही केली.

ऑगस्टमध्ये मी जुन्या वह्यांतले आकडे कॉम्प्युटरवर चढवत होतो. अक्कांचा कायदा असा, की मोजलेला प्रत्येक आकडा शाईच्या पेननं वहीत लिहायचा, खोडायचा नाही. धुळ्याचं पान आलं आणि माझा हात थांबला. मशीन नीट असलं आणि चेंबर नीट असलं, की पाच आकडे जरा खाली-वर होतात. हे पाच आकडे खाली कुठेच येत नव्हते. पहिला सगळ्यांत लहान, मग प्रत्येक पुढचा थोडा मोठा, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. चेंबर माझ्यासमोर थंड होत होतं आणि मी ते लिहीत बसलो होतो.

तीन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण ते तसंच झालं. माझ्या पगारावर धाकट्या बहिणीचं कॉलेज चालू होतं. नोकरी गेली तर काय, हे एकच डोक्यात फिरत होतं. दुसरंही एक फिरत होतं : ते मशीन अजून चालू आहे, आणि रोज दहा-बारा बाया त्याच्यासमोर उभ्या राहतात.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन मी अक्कांसमोर उभा राहिलो. त्यांनी भाकरीचा घास हातात धरूनच पान पाहिलं. मग घास खाली ठेवला, चष्मा लावला आणि पुन्हा पाहिलं.

"पेटी किती वेळ उघडी ठेवली होती?"

शुद्ध मराठी.

"वीस मिनिटं, मॅडम."

"रवींद्र."

"दहा."

"आणि गाडीत ती कुठे होती?"

"मागे. डिकीत."

मी का केलं हे सांगायला लागलो, बाया, जीप, लेकरं. त्यांनी हातानं थांबवलं.

"तुम्हाला त्यांची दया आली. चांगली गोष्ट आहे. पण दया करायची ती डॉक्टरांनी करावी, सुनंदानं करावी. आपण मोजायला गेलो होतो. तेवढं एकच काम आपल्याकडे होतं."

मग त्यांनी उरलेली भाकर खाल्ली. अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती. हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "आणि मी काय केलं? सरासरी पाहिली. आकडे पाहिले नाहीत. हा जिना आंधळ्याला दिसला असता. सलीमला सांग, धुळे."

"आत्ता?"

"मग काय दिवाळीला?"

त्या दिवशी पेटी त्यांच्या पायाशी होती. धुळ्याला पोहोचल्यावर तास भरला, मग अजून पंधरा मिनिटं गेली, मग त्यांनी मला मोजायला सांगितलं. स्वतः मागे उभ्या राहिल्या. पाच आकडे आले, खाली-वर, जसे यायला हवेत तसे. मी हिशेब केला. तीन पूर्णांक शून्य सात. पुन्हा केला. तेच.

रुग्णालयाचे डॉक्टर देवरे हे सज्जन माणूस. साक्रीकडच्या पाड्यांवर स्वतः जाऊन शिबिरं घेणारे. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"मॅडम, हा किती फरक झाला? सहा टक्के. याच्यानं कुणाला काय होणार आहे?"

"उद्या काही होणार नाही," अक्का म्हणाल्या. "परवाही नाही. तसं मी कोणाला सांगणारही नाही, उगीच घाबरतील."

"मग? मशीन बंद ठेवलं तर या बायांना नाशिक गाठावं लागेल. त्या जाणार नाहीत. एखादीची गाठ राहून जाईल. तेही मोजा ना."

हा प्रश्न खरा होता. मी अक्कांकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या मोठं काहीतरी बोलतील. तसं काही झालं नाही. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"ते मला मोजता येत नाही, डॉक्टर. तुमचं म्हणणं चूक आहे असंही मी म्हणत नाही. मला एवढंच सांगता येतं, की मेचा कागद खोटा आहे आणि आजचा खरा आहे. खोट्या कागदावर माझी सही आहे, ती मी काढून घेणार. पुढचं तुमच्या हातात. पण कंपनीचा इंजिनिअर लवकर यावा म्हणून मी फोन करते. तोपर्यंत ज्या बायांना थांबणं बरं नाही, त्यांची नावं द्या. जळगावला माझ्या ओळखीची जागा आहे."

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. मग सुनंदाताईंना हाक मारली आणि मशीनवर "तूर्त बंद" असा कागद लावायला सांगितला.

इंजिनिअर येऊन दुरुस्ती व्हायला नऊ दिवस लागले. मशीनची आपोआप किरण थांबवणारी व्यवस्था ते उशिरा थांबवत होती. त्या नऊ दिवसांत आमची गाडी दोनदा धुळ्याहून बाया घेऊन जळगावला गेली. दुसऱ्या फेरीला मीही होतो. सलीमभाईंनी गाडी आतून पुसून ठेवली होती आणि सीटवर स्वच्छ चादर अंथरली होती. मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी अक्कांना अहिराणीत धुळ्याच्या मशीनबद्दल विचारलं,

"बाई, धुयानं मशीन बिघडनं का?"

"बिघडलं नही, माय. जरा जास्त उजेड पाडत व्हतं."

"मंग चांगलंच ना व! बठ्ठं दिखी." सगळं दिसेल, असं त्यांचं म्हणणं.

"पापड भाजताना जाळ जास्त झाला तर?"

"करपस."

"मंग!"

सगळ्या बाया हसल्या. त्या आजी थोडा विचार करून म्हणाल्या, "म्हनजे तू जाळ देखनारी शे." जाळ पाहणारी म्हणजे मीच, अशी अक्कांनी मान हलवली. पुढे पारोळा येईपर्यंत कोणाच्या घरी पापड कसे करतात यावर चर्चा चालू होती.

अहवाल मागे घेतल्याचं पत्र अक्कांनी स्वतः लिहिलं. आमच्या मालकांनी ते वाचलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होतो, आणि मधलं दार उघडं होतं.

"अत्तरदे मॅडम, हे त्या पोरानं केलं ना?"

"सही कोणाची आहे?"

"सही तुमची, पण..."

"मग झालं."

मालक वाईट माणूस नव्हते. पण ही बातमी इतर रुग्णालयांपर्यंत गेली, तर लोक काय म्हणतील अशी त्यांना धास्ती. त्यांनी ठरवलं, की काही दिवस सही दुसऱ्याची असावी. नाशिकहून एक तरुण तज्ज्ञ येऊ लागला. चार महिने. अठ्ठावन्न वर्षांच्या अक्का त्याच्यासोबत मदतनीस म्हणून जायच्या. मुलगा हुशार होता, वागायला नीट होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो अक्कांना मावशी म्हणायचा. "मावशी, ठोकळा द्या." अक्का द्यायच्या. "मावशी, दार लावा." लावायच्या. मी पुढे झालो की डोळ्यांनी दटावायच्या.

सलीमभाईंना ते सहन होईना. एकदा चहाच्या टपरीवर ते म्हणाले, "अक्का, इसको बताओ ना, आप कौन हो."

"कशाला? नीट मोजतो आहे तो."

"नीट मोजतो, पण थांबत नाही. येताच मोजायला लागतो."

"म्हणून तर चहा सांगते मी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुठल्याही रुग्णालयात पोहोचलो की अक्का आधी त्या मुलासाठी चहा मागवायच्या, मग पोहे, मग पुन्हा चहा. अधीक्षकांशी त्याची ओळख करून द्यायच्या, एक्स-रे विभाग दाखवायला न्यायच्या, एप्रन मोजायला लावायच्या. तो मशीनपाशी येईपर्यंत उघड्या पेटीचा तास भरलेला असायचा. चार महिन्यांत त्याची एकही मोजणी चुकली नाही. जाताना तो म्हणाला, "खानदेशात पाहुणचार फार होतो हो, मावशी."

मागे घेतलेल्या अहवालाच्या पत्राची प्रत फाइलला लावायचं काम माझ्याकडेच आलं. तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं. सहा ओळी होत्या. मोजणीआधी चेंबर खोलीच्या तापमानाला आलेलं नव्हतं, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. जबाबदारी माझी, असं अक्कांनी लिहिलं होतं. मोजणी कोणी केली हे कुठेच नव्हतं. माझं नाव त्या पत्रात नाही. त्यामुळे ती चूक माझ्या कुठल्याच कागदात नाही. याविषयी मी त्यांच्याशी कधी बोललो नाही, आणि त्यांनी विषय काढला नाही. पाचव्या महिन्यात त्यांची सही पुन्हा सुरू झाली. साठाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. हार घातला तर शिंका येतात, हे कारण दिलं.

आता त्या वरणगावला राहतात. दोन महिन्यांपूर्वी मी भेटायला गेलो. मनात एक गोष्ट घेऊन गेलो होतो. मला सहीचा अधिकार मिळावा म्हणून मालकांनी मुंबईच्या परवाना कार्यालयाकडे अर्ज करायला सांगितलं होतं आणि अर्जात एक प्रश्न होता. तो त्यांच्याशी बोलायचा होता. गेलो तर अक्का फाटकाला रंग देत होत्या. शिडीवर उभ्या, पदर खोचलेला, पायात तेच बूट, आणि गालावर हिरवा पट्टा. शेजारची दोन माणसं खाली उभी राहून सल्ले देत होती आणि त्या एकाचंही ऐकत नव्हत्या.

"ये भो! आई कशी आहे?"

"बरी आहे. अक्का, जरा बोलायचं होतं."

"बोल की. मी खाली उतरत नही, पुन्हा चढाचं जिवावर येतं."

त्या दोन माणसांसमोर मला बोलता आलं नाही. मी म्हटलं, सहज आलो होतो. आतून त्यांच्या वहिनींनी दिलेला चहा उभ्यानंच प्यायलो. निघालो तेव्हा त्यांनी ब्रश हलवून निरोप दिला आणि रंगाचे दोन थेंब खालच्या एका माणसाच्या टोपीवर पडले. तो ओरडला. अक्का म्हणाल्या, "कोणी सांगितलं होतं खाली उभं राहायला?" कोपऱ्यावरून वळताना मागे पाहिलं, तर त्या पुन्हा फाटकाकडे वळल्या होत्या.

घरी येऊन अर्ज भरला. मग त्यांना पत्र लिहिलं. ते असं :

आदरणीय अक्का,
सा. न.

त्या दिवशी जे बोलायला आलो होतो ते बोललो नाही, म्हणून लिहितो.

सहीच्या अर्जात एक प्रश्न आहे. तुम्ही केलेली मोजणी चुकीची ठरून एखादा अहवाल मागे घ्यावा लागला आहे का? कागदोपत्री माझं उत्तर "नाही" असं आहे. तुम्ही ते तसं करून ठेवलं आहे. फाइलमधलं पत्र मी केव्हाच वाचलं होतं. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

मी "होय" लिहिलं आहे. खाली तीन ओळी लिहिल्या. धुळे, मे महिना, दहा मिनिटं. पेटी डिकीत मी ठेवली आणि मोजणी मी केली, असं लिहिलं. तुम्ही म्हणाल, सही कोणाची होती. सही तुमची होती. पण ती ज्यावर झाली, ते आकडे मी दिले होते.

मालकांनी वाचून डोकं धरलं. म्हणाले, आता सहा महिने तरी अर्ज अडकेल, कदाचित परतही येईल. बहिणीला नोकरी लागली आहे, त्यामुळे घरी अडचण नाही. मोजायला मी जातोच आहे. सही नाशिकचे साहेब करतात. ते तुमची चौकशी करतात. मावशी कोण होत्या, हे मी त्यांना सांगितलं.

एक विनंती आहे. अर्जात तुमचं नाव आल्यामुळे मुंबईहून तुम्हाला फोन येईल. खरं काय झालं ते विचारतील. तुम्ही शुद्ध मराठीत उत्तर द्याल आणि ते गप्प बसतील, हे मला माहीत आहे. पण अक्का, या वेळी मला वाचवू नका.

आपला,
रवींद्र